जैनाबादचं टिंब

पहिल्या दिवशीच घोटाळा झाला.

पुण्यातलं एक विद्यापीठ, जुलैचा पाऊस, एम.ए.चा वर्ग आणि विषय 'प्राचीन संस्कृती व जगातील धर्म'. सरांनी एकेकाला उभं केलं. "नाव सांगा, गाव सांगा आणि हा विषय का घेतलात तेही सांगा." तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यांनी ज्ञानाची ओढ, वारशाचं प्रेम वगैरे मोजून सांगितलं. निम्म्या वर्गाचं खरं उत्तर 'स्पर्धा परीक्षा' होतं आणि उरलेल्या निम्म्याचं 'हॉस्टेल'. माझं दोन्ही होतं. पण मी अडकलो दुसऱ्याच प्रश्नावर.

"जैनाबाद," मी म्हणालो.

"हे कुठं आलं?"

"बऱ्हाणपूरसमोर, सर. तापीच्या पलीकडं."

"अरे वा! म्हणजे तुम्ही जैन?"

"नाही सर."

"गाव जैनांचं?"

"तसं काही नाही, सर."

"मग जैनाबाद का?"

मी गप्प. बावीस वर्षं ज्या गावात काढली त्याचं नाव असं का, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते आपल्याला ठाऊक नाही हेही त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते पुढच्या आठवड्यात कळलं. जैन धर्म शिकवायला सुरुवात झाली आणि दर दहा मिनिटांनी सर माझ्याकडं बघून म्हणायला लागले, "यांना माहीतच असेल."

ही बातमी हॉस्टेलच्या मेसपर्यंत कोणी पोचवली देवास ठाऊक. तिसऱ्या दिवशी मेसच्या मावशी वाटी पुढं करत मायेनं म्हणाल्या, "तुझं वेगळं काढलंय हो बाळा." माझ्या ताटातून आधी कांदा गेला, मग लसूण गेला, मग बटाटाही गेला. मी खानदेशी पोटाचा माणूस. हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात नसलेल्या भरताला आमच्याकडं आजाऱ्याचं जेवण म्हणतात. खरं सांगायला दोनदा तोंड उघडलं, पण मावशींच्या चेहऱ्यावर एवढं पुण्य दिसत होतं की घास घालून पुन्हा मिटलं. भाद्रपदात पर्युषण संपलं तेव्हा वर्गातल्या चौघांनी मला गाठून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटलं. मीही हात जोडले. एखाद्यानं आपणहून क्षमा मागितली तर ती नाकारायची कशाला?

शेवटी घरी फोन लावला.

"बापू, आपल्या गावाचं नाव जैनाबाद का हाय?"

पलीकडं केळीची कापणी चालू होती. ट्रॅक्टरचा आवाज, मजुरांची बोलणी, कोणीतरी बऱ्हाणपूर मंडीतला आजचा भाव ओरडून सांगत होतं.

"पैसे सरले का?" बापूंनी विचारलं.

"नाही, नावाचं विचारतो."

"भाव पडले हायेत. पुढच्या सोमवारी पाठवतो." फोन बंद.

मग मी ग्रंथालयात गेलो. एम.ए.ला प्रवेश घेतल्यावर तिथं मी स्वतःच्या पायानं गेलो ती ही पहिलीच वेळ.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्तानं आमच्या गावाची जन्मकथा दिली आहे. खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या नासिरखानानं असीरगड मिळवला. त्याचं अभिनंदन करायला दौलताबादेहून शेख जैनुद्दीन आले आणि तापीच्या एका काठावर उतरले. नासिरखानाचा तळ समोरच्या काठावर. त्यानं शेखांना जमीनजुमला देऊ केला. शेख म्हणाले, फकिराला जहागीर काय करायची? फारच वाटत असेल तर तू उतरलास तिथं माझे गुरू बुऱ्हानुद्दीन यांच्या नावानं शहर वसव आणि मी उतरलो तिथं माझ्या नावानं वस्ती कर. समोर बऱ्हाणपूर झालं, अलीकडं जैनाबाद. गुरूला राजधानी आणि चेल्याला खेडं. गुरुदक्षिणा द्यावी तर अशी.

कथा गोड आहे. अडचण एवढीच की शेख जैनुद्दीन शिराजी यांचं निधन १३६९ च्या सुमाराला झालं आणि नासिरखान गादीवर आला १३९९ मध्ये. अभिनंदनाला येताना शेखांना जाऊन तीस वर्षं झाली होती. हा पेच मी बापूंना सांगितला. ते म्हणाले, "निरोप उशिरा पोचला असेल."

ते काही असो, नाव आलं जैनुद्दीनवरून. अरबीत 'ज़ैन' म्हणजे शोभा, भूषण. जैनुद्दीन म्हणजे धर्माचं भूषण. हिंदीत तो ज लिहिताना खाली टिंब देतात, त्याला नुक्ता म्हणतात. मराठीत आपण नुक्ता देत नाही, कारण आपल्याला कळतं. जन्मातला ज वेगळा आणि जावयातला ज वेगळा, हे मराठी मुलाला कोणी शिकवावं लागत नाही. पण जे नाव कानावर न पडता नुसतं डोळ्यांपुढं येतं त्याचं काय? तिथं माणूस ओळखीचा ज लावतो आणि पुढं जातो. गावाच्या पाटीवरून, रेशनकार्डावरून, माझ्या दाखल्यावरून ते टिंब कधी गळलं याची नोंद कुठं नाही. तेवढ्यानं एका सूफी शेखाचं गाव तीर्थंकरांच्या नावावर चढलं. ना खरेदीखत, ना फेरफार. सातबाऱ्याला आमच्या मध्य प्रदेशात खसरा म्हणतात, त्यात मेलेल्या आजोबांचं नाव काढायला बापूंनी चार वर्षं खेटे घातले. धर्म मात्र एका टिंबात बदलून मिळाला.

गंमत म्हणजे घरात एकच माणूस हे नाव बरोबर उच्चारतो. आजी. ती जहाजातला ज लावून 'जैनाबाद' म्हणते, आणि तिला आम्ही सगळे लहानपणापासून हसत आलो. मी सुधारायचो, "आजी, जैन. जीवनातला ज." ती म्हणायची, "तू शाळेत जातो, तुले जास्त कयते." आजी शाळेत गेली नाही. तिनं हे नाव वाचलं नाही, ऐकलं. तिच्या आजीनं ऐकलं, तिच्याही आजीनं ऐकलं. शेखांच्या नावातला ज सहाशे वर्षं तोंडातोंडी नीट पोचला आणि माझ्या पाटीवर येऊन फुटला.

आमचा तिसरा पेपर होता 'जगातील प्रमुख धर्म'. सहा धर्म, सहा घटक. प्रत्येकाखाली संस्थापक, ग्रंथ, तत्त्वं, पंथ आणि सण. म्हणजे सहा खणांचा जेवणाचा डबा. एका खणातली आमटी दुसऱ्या खणातल्या शिऱ्याला लागली की गुण कापले जातात. माझी एक मैत्रीण हे सगळं तक्त्यात लिहायची, रंगीत पेनांनी, एकेका धर्माला एकेक रंग. तिला पैकीच्या पैकी मिळायचे.

मला मिळत नव्हते, आणि त्याला कारण बऱ्हाणपूरची जामा मशीद.

अंतर्गत परीक्षेत इस्लामवर प्रश्न आला: भारतातील मशिदींची वैशिष्ट्यं लिहा. मी लिहिलं, बऱ्हाणपूरची जामा मशीद राजा अलीखान ऊर्फ आदिलशाह फारुकी यानं १५९० च्या सुमाराला बांधली, आणि तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे. नुसता संस्कृत नव्हे. आधी सृष्टिकर्त्याला वंदन, मग फारुकींची वंशावळ, मग विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, आणि कुठली तिथी किती घटका ते. मशिदीच्या भिंतीवर अख्खं पंचांग. मुहूर्त काढून नमाजाची जागा बांधणारा सुलतान मला फार घरचा वाटला. आमचं बोअर मारायचं होतं तेव्हा बापूंनी यापेक्षा कमी पाहिलं होतं.

सरांनी समासात लिहिलं, 'विषयांतर'.

पुढच्या परीक्षेला हिंदू धर्मावर प्रश्न आला: कालगणना व मुहूर्त. मी खूश. लिहिलं, पंचांगाच्या पाचही अंगांचं महत्त्व किती, तर बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत... सरांनी आता लाल पेन घेतलं होतं. 'पुन्हा विषयांतर'. एकाच मशिदीनं मला दोन धर्मांत नापास केलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्या तक्तेवाल्या मैत्रिणीला आणि दुसऱ्या एका मित्राला घेऊन घरी आलो. बऱ्हाणपुरात रिक्षा ठरवली. रिक्षावाले चाचा म्हणाले, "पूरा शहर घुमाऊंगा, तीनसौ. जलेबी का टाइम अलग." मैत्रिणीनं वही काढली.

आधी जामा मशीद. तिनं इस्लामचा हिरवा पेन काढला, संस्कृत ओळी पाहिल्या, पेन बंद करून निळा काढला, मग तोही बंद केला. पुढं बडी संगत गुरुद्वारा. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडला जाताना इथं मुक्कामाला होते. मग दाऊदी बोहऱ्यांची दर्गाह-ए-हकीमी, सय्यदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांची, आरशासारखी स्वच्छ. मग नागझिरीचं कबीरपंथीयांचं मंदिर, जिथल्या पूरण साहेबांनी कबीराच्या बीजकावर 'त्रिज्या' नावाची टीका लिहिली. मग स्वामिनारायण मंदिर. मग राजघाटावर तापीमाई, सूर्याची मुलगी, जिच्या पाण्यात बायका दिवे सोडत होत्या. दुपारी एक वाजेपर्यंत आमचा अख्खा तिसरा पेपर संपला, वर उपपंथ फुकट. मैत्रिणीच्या तक्त्यात सहा रकाने होते. तिनं सातवा आखला आणि त्यावर लिहिलं, 'इतर'. संध्याकाळी बघितलं तर पहिले सहा जवळपास रिकामे आणि 'इतर' पान ओलांडून मागं गेला होता.

"कबीर कुठं लिहू?" तिनं चाचांनाच विचारलं.

चाचा रस्त्यावरून नजर न काढता म्हणाले, "उनको लिखने का क्या है? वो तो खुद ही नहीं लिखते थे."

हे उत्तर आमच्या विभागात कोणी दिलं असतं तर त्यावर शोधनिबंध निघाला असता.

मावा जिलबी खाताना (ती काळपट असते, खव्याची असते, आणि एक खाल्ल्यावर माणूस जेवण विसरतो) मित्र म्हणाला, "धर्म झाले. आता प्राचीन संस्कृती?" त्याचं उत्तर लालबागेत जमिनीखाली होतं. कुंडी भंडारा. १६१५ मध्ये अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात इराणी पद्धतीनं केलेली पाण्याची व्यवस्था. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात अडवायचं, ओळीनं शंभरावर विहिरींसारख्या कुंड्या खणायच्या, त्या आतून जोडायच्या आणि नुसत्या उतारावर पाणी शहरात आणायचं. ना मोट, ना पंप. आता तिथं लिफ्ट आहे, ती सुमारे ऐंशी फूट खाली नेते. खाली पांढऱ्या क्षारांनी मढलेल्या भिंती आणि घोट्याएवढं गार, वाहतं पाणी. इराणात याला कनात म्हणतात आणि ती कल्पना अडीच-तीन हजार वर्षं जुनी. प्राचीन इराणच्या तासाला सर 'कनात' म्हणाले तेव्हा अख्ख्या वर्गाच्या डोळ्यांपुढं लग्नमांडवाची कनात आली होती. मी हात वर करून म्हणालो होतो, "सर, ही आमच्या आत्याच्या घरामागं आहे." वर्ग हसला होता. आता तो मित्र पाण्यात पाय सोडून उभा राहिला आणि म्हणाला, "सॉरी यार." २०२४ साली हा भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. आत्या अजून म्हणते, "तिथं कचरा टाकू नका म्हणून सांगते, कोणी ऐकते का?"

पुरातत्त्वाचा पेपर मला मनापासून आवडायचा, कारण त्यात वावर होतं. आमच्या भाषेत जमिनीचे दोनच प्रकार: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. जुनं गाव उठून गेलं की राख, शेण, पडक्या भिंतींची माती साठून त्याचं पांढुरकं टेकाड होतं. महाराष्ट्रातले पुरातत्त्वज्ञ गावात आले की आधी विचारतात, "पांढर कुठंय?" डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळियांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशाच पांढरी शोधत अर्धा देश पायाखाली घातला. आमच्या तापीखोऱ्यातही खाली प्रकाशे आहे, तिथं बाळकृष्ण थापर यांनी १९५५ मध्ये खणलं आणि ताम्रपाषाण काळापासूनचे थर निघाले. दायमाबादला तर १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला, चारही मिळून साठ किलोंच्या वर. हे मी घरी सांगितलं. तेव्हापासून बापू केळीचे खोडवे काढताना जरा जास्त खोल खणतात.

आणि एक दिवस मला सापडलं. आमच्या वावराच्या बांधाला, कडुलिंबाखाली, तळहाताएवढं खापर. लाल अंग, वर काळी रेघ. माझे हात थरथरले. ताम्रपाषाण! सावळदा म्हणजे तापीकाठचीच संस्कृती, चार हजार वर्षं जुनी. मी ते धुतलं नाही, पुसलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिठ्ठी लावली: 'स्थळ जैनाबाद, पृष्ठभागावरील सापड, दिनांक अमुक'. पुण्याला नेलं. सरांनी भिंग लावलं, कड नखानं खरवडली, बराच वेळ "हं" म्हणाले. "घाटानं मध्ययुगाच्या उत्तरार्धातलं वाटतं. पण ठाम सांगता येत नाही." मध्ययुग तर मध्ययुग. फारुकींच्या काळातलं असलं तरी चालणार होतं.

सुट्टीत ते परत घरी आणलं. आजीनं पिशवीतून बघितलं.

"हे आपल्या रांजणाचं हाय."

"आजी, हे चारशे वर्षांपूर्वीचं..."

"तुह्या बापानं फोडला. बॉल मारून. त्या साली मॅच जिंकली नव्हती का इंडियानं, मोठी? गावात फटाके फोडले. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं बॅटी घेऊन निंघाली."

कार्बन चौदा पद्धतीनं पाच-पन्नास वर्षं इकडं-तिकडं होतात. आजीच्या पद्धतीनं काळ नेमका लागला: इसवी सन १९८३, जूनचा शेवटचा आठवडा, फार तर २६ तारीख. बापू मान खाली घालून घडाला पिशवी चढवत होते.

त्या संध्याकाळी तिला मी इनामगावचं सांगितलं. शिरूरजवळ घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं खणलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव. मोठी माणसं मेली की घराच्या जमिनीखालीच पुरायचे, आणि पुरताना घोट्याखालून पावलं कापायचे.

"कायले?"

"बहुतेक म्हणून, की मेलेलं माणूस उठून दुसरीकडं जाऊ नये."

"अन् पोरं?"

"लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायचे, त्यात मूल. तेही घरातच, जमिनीखाली."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. बापूंच्या आधीचं तिचं एक मूल गेलेलं. त्याला नदीवर नेलं होतं, एवढंच आम्हाला माहीत.

"घरातच ठेवत होते," ती म्हणाली. "बरं करत होते."

इनामगाववर आम्हाला दहा गुणांचा प्रश्न होता. मी दोन पानं लिहिली. त्यात हे वाक्य नव्हतं, आणि त्यावाचून उरलेल्या दोन पानांना काही अर्थ नव्हता.

बापूंना मात्र एकच प्रश्न छळत असायचा: हे शिकून होते काय? मी दाखले द्यायचो. म्हटलं, विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करायला ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले.

"विलायतेला? देव शिकायला?"

"हो."

"पैसे?"

"शिष्यवृत्ती होती. आणि बडोद्याचे सयाजीराव महाराज पाठीशी होते."

"परत आल्यावर नोकरी लागली का?"

"१९०६ मध्ये त्यांनी मुंबईत अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढली. मग गावोगाव काढल्या."

बापूंनी घटकाभर विचार केला. "म्हणजे सगळे देव बघून आले अन् पोरांमधी बसले."

शिंद्यांच्या चरित्रावर यापेक्षा नेटका सारांश मी वाचलेला नाही. जोर चढून मी धर्मानंद कोसंबींचं सुरू केलं. गोव्यातल्या साखवाळचे. बुद्धाचा धर्म शिकायला १८९९ साली घर सोडलं, नेपाळ झालं, सिलोन झालं, पाली शिकले आणि १९१० मध्ये थेट हार्वर्डला पोचले.

"बायको-पोरं होती?" आजीनं आतून विचारलं.

"होती."

"मग तो दाखला नको देऊ."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक होते. त्यांनीही माझ्या अर्जावर नजर टाकून तेच विचारलं, "जैनाबाद? जैनांचं का?" या वेळी मी तयार होतो. सांगायला सुरुवात केली. शेख जैनुद्दीन, फिरिश्ता, तीस वर्षांचा घोळ. मग आहूखाना. आमच्या गावातली मुघलांची शिकारबाग, हरणांची. १७ जून १६३१ ला चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल बऱ्हाणपुरात गेली. तिला नदीपार आणून इथं ठेवलं आणि सहा महिन्यांनी, डिसेंबरात, आग्र्याला नेलं. गावात अजून कोणीही सांगेल की ताजमहाल इथंच व्हायचा होता, आमच्या मातीला वाळवी लागते म्हणून हुकला. दर पावसाळ्यात कोणाची चौकट पोखरली गेली की म्हातारी माणसं म्हणतात, हिच्यापायी गेला ताजमहाल. पुढं त्याच बागेत तिचा मुलगा औरंगजेब आंबा तोडणाऱ्या हिराबाईला बघून चक्कर येऊन पडला, असं मुघल ग्रंथ लिहितात. तिचं नावच पडलं जैनाबादी महल. आणि १७०७ मध्ये तो खुलताबादेत पुरला गेला, तो कोणाच्या दर्ग्यात? याच शेख जैनुद्दीनांच्या. प्रेमात पडला तेही शेखांच्या गावात, विसावला तेही शेखांच्या पायाशी...

"पुरे, पुरे," परीक्षक म्हणाले. "आता जैन धर्माची पाच व्रतं सांगा."

अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. तोंडपाठ होती. यांना माहीतच असेल म्हणून दर दहा मिनिटांनी विचारली गेल्यामुळं वर्षभरात ती माझ्याइतकी पक्की कोणाचीच झाली नव्हती. त्यातलं अपरिग्रह तर मी मेसमध्ये रोज पाळलं होतं. चांगले गुण मिळाले.

निकाल घेऊन गावी आलो. एसटी आमच्याकडं नाही, खासगी बस फाट्यावर सोडते. फाट्यावर गावाची पाटी आहे, पिवळी, काळ्या अक्षरांची. उतरलो, पिशवी खांद्यावर टाकली आणि पाटीकडं बघून थबकलो. ज च्या खाली टिंब होतं.

नीट, गोल, जिथं हवं तिथं. कोणी दिलं? पंचायतीनं? शेजारच्या वाचनालयवाल्यांनी? माझा काही लेख तर कुठं छापून आला नव्हता. जवळ गेलो, भिंग नव्हतं म्हणून डोळे बारीक केले. टिंब उंचावलेलं होतं. मातीचं. हरभऱ्याएवढं मडकं, वर चिमुकलं तोंड, कडेला थराथरानं लावलेल्या ओल्या मातीच्या रेघा. हातानं घडवलेलं, चाकावर न फिरवलेलं. असली खापरं ओळखायला मी दोन वर्षं शिकलो होतो. कुंभारीण माशीनं घर केलं होतं.

बापू मोटरसायकल घेऊन न्यायला आले. माझी नजर कुठंय ते त्यांनी बघितलं, खाली वाकून काडी उचलली.

"थांबा बापू, नका काढू."

"चावंल कोणाले तरी."

"ही नाही चावत. आत पोर हाय तिचं."

बापूंनी काडी टाकली. गाडीला किक मारता मारता म्हणाले, "आजी विचारत होती, परीक्षेत गावाचं नाव बरोबर सांगितलं का म्हणून."

"सांगितलं."

"कोणता ज?"

"जहाजातला," मी म्हणालो, आणि मागं बसलो.